पाच बाइटांची अदलाबदल

जुन्या डॉस (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम) प्रोग्रामांचा विषय निघाला की कुणीतरी हटकून म्हणतं, "तेव्हा मेमरीच ६४ केबी होती हो!" नव्हती. १९७८ चा इंटेल ८०८६ प्रोसेसर एक मेगाबाइट मेमरी हाताळायचा. गोची पत्त्याची होती. रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतला आकडा ठेवायचा कप्पा, १६ बिटांचं; त्यात ६५,५३५ च्या पुढचा आकडा मावत नाही. म्हणून पत्त्याचे दोन भाग केले, सेगमेंट (मेमरीचा तुकडा कुठून सुरू होतो) आणि ऑफसेट (त्या तुकड्यात किती आत): सेगमेंटला १६ ने गुणायचं आणि त्यात ऑफसेट मिळवायचा. सेगमेंट तोच ठेवून ऑफसेट वाढवत गेलं, की ६४ केबीनंतर तो पुन्हा शून्यावर. त्यामुळे 'लार्ज' मॉडेलमध्येही (जिथे कोड अनेक सेगमेंटांत पसरू शकतो) अख्खं फंक्शन एकाच सेगमेंटमध्ये बसवावं लागे.

आता खरी गंमत. कंपायलरला, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, एका वेळी एकच फाइल दिसते. दुसऱ्या फाइलमधलं फंक्शन कुठे जाऊन बसेल याचा त्याला पत्ता नसतो, म्हणून तो 'फार कॉल' (दुसऱ्या सेगमेंटमधलंही फंक्शन बोलावणारी सूचना) लिहून मोकळा होतो: एक बाइट ऑपकोड (सूचनेचा क्रमांक, इथे १५४), दोन ऑफसेट, दोन सेगमेंट. एकूण पाच. पुढे लिंकर, म्हणजे वेगवेगळ्या फाइली जोडून एक प्रोग्राम बनवणारं टूल, बोलावणारं आणि बोलावलेलं अशी दोन्ही फंक्शनं एकाच सेगमेंटमध्ये ठेवतो. मग तीन बाइटांचा, त्याच सेगमेंटमधला 'निअर कॉल' का नाही चालणार? कारण फंक्शनच्या शेवटी 'फार रिटर्न' आहे. तो स्टॅकवरून (परतीचा पत्ता जिथे ठेवतात ती जागा) ऑफसेट उचलतो आणि पाठोपाठ सेगमेंटही. निअर कॉल ठेवतो फक्त ऑफसेट.

लिंकरचा तोडगा असा: फार कॉलच्या त्या पाच बाइटांच्या जागी आधी 'पुश सीएस', म्हणजे चालू सेगमेंट स्टॅकवर. एक बाइट. मग निअर कॉल, तीन बाइट. उरला एक, तिथे काहीच न करणारा 'नॉप'. पुन्हा पाच! पुढचा एकही बाइट हलत नाही, आधी मोजलेली जंपची (कोडमधल्या उड्यांची) अंतरं शाबूत राहतात. खुद्द ८०८६ वर यातून वेगाचं फारसं काही हाती लागत नाही. पण नंतरच्या २८६ प्रोसेसरच्या, मेमरीला संरक्षण देणाऱ्या प्रोटेक्टेड मोडमध्ये सेगमेंट बदलताना डिस्क्रिप्टर (त्या सेगमेंटच्या माहितीची नोंद) तपासावा लागतो, तिथे फरक पडतो.

असलं काही पाहिलं की "टूल तुमचा कोड समजून घेतं" छापाच्या जाहिरातींचं हसू येतं. लिंकर इथे काहीही समजून घेत नाही. 'फार' पत्त्याच्या (सेगमेंट आणि ऑफसेट दोन्ही असलेल्या) आधी १५४ हा बाइट दिसला, की तो कॉल. कोड सेगमेंटमध्येच पत्त्यांचा तक्ता ठेवलाय आणि त्यातल्या एका पत्त्याच्या आधी योगायोगाने १५४ हा साधा आकडा आलाय, तर त्या पत्त्याच्या जागी कॉलचे तुकडे बसतात. लिंकर मात्र एका शब्दाने तक्रार करत नाही.