‘एलिफंट अँड कॅसल’मागे राजकन्या नाही

दक्षिण लंडनमधल्या ‘एलिफंट अँड कॅसल’ या वस्तीच्या नावाची एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. स्पेनमधल्या कॅस्टिल राज्याची राजकन्या, म्हणजे ‘इन्फान्ता दे कास्तिया’, हिच्यावरून हे नाव पडले आणि अपभ्रंश होत होत त्याचे ‘हत्ती आणि किल्ला’ झाले, अशी ती गोष्ट. ऐकायला गोड, पण खरी नाही.

तिच्यात बहुधा कॅस्टिलहून येऊन इंग्लंडची राणी झालेल्या एलेनॉरचे नाव घेतात. राणी वारली १२९० मध्ये, आणि ‘इन्फान्ता’ हा शब्द इंग्रजीत आला तो सुमारे तीनशे वर्षांनी. अपभ्रंश व्हायला मूळ शब्द तर हवा!

नाव आले ते तिथल्या एका सराईवरून. १७६५ च्या नोंदीत ती याच नावाने सापडते. पाट्यांवर चित्रे असत, कारण अनेकांना वाचता येत नसे, आणि पाठीवर अंबारीसारखा बुरूज घेतलेला हत्ती हे चिन्ह तेव्हा ओळखीचे होते. सुऱ्या-तलवारी घडवणाऱ्या लंडनच्या कारागिरांच्या संघाच्या मानचिन्हावरही तोच हत्ती आहे. मुठींसाठी हस्तिदंत लागे ना!

अशी अपभ्रंशाची गोष्ट कानावर आली की मी आधी एवढेच तपासतो: मूळ म्हणून सांगितलेला शब्द त्या काळी तिथे कोणी बोलत होते का?