विमानाचे तिकीट शेवटी काढावे: कॅरिबियन बेटांवर बोटीने फिरू इच्छिणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

"बेटे एवढी जवळजवळ आहेत, तर मध्ये विमान कशाला? बोटीने जाऊ, स्वस्तात होईल." हे वाक्य आमच्या कार्यालयात वर्षभरात इतक्या वेळा कानी पडते की, त्याचे उत्तर एकदा छापून ठेवावे असे आम्ही ठरवले. 2024 सालच्या टी-20 विश्वचषकात भारताचे सुपर आठ फेरीतील सामने 20 जूनला बार्बाडोस, 22 जूनला अँटिग्वा आणि 24 जूनला सेंट लुसिया येथे होते. त्या काळात आलेल्या बहुतेक चौकशांमध्ये या तीन बेटांमधल्या बोटीचे भाडे विचारलेले असे. त्यांपैकी कोणत्याही दोन बेटांदरम्यान तेव्हा नियमित प्रवासी बोट नव्हती. नव्या बोटसेवांच्या घोषणा अधूनमधून होतात आणि ग्राहक त्यांची कात्रणे आम्हाला पाठवतात. परंतु वेळापत्रक लागून काही महिने बोट प्रत्यक्ष धावल्याशिवाय आम्ही ती कोणाच्याही मार्गात धरत नाही.

गोंधळाचे मूळ नकाशात आहे. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात कॅरिबियन समुद्र तळहाताएवढा दिसतो. प्रत्यक्षात जमैकातील किंग्स्टनपासून बार्बाडोसच्या ब्रिजटाउनपर्यंतचे सरळ रेषेतील अंतर सुमारे 1,900 किलोमीटर भरते; मुंबई ते कोलकाता हे हवाई अंतरसुद्धा त्याहून कमी आहे. या सर्व बेटांना धरून जाणाऱ्या बोटी एके काळी होत्या. या भागातील ब्रिटिश बेटांचे संघराज्य, म्हणजे वेस्ट इंडीज फेडरेशन, अस्तित्वात असताना कॅनडाने भेट दिलेल्या 'फेडरल मेपल' आणि 'फेडरल पाम' या दोन बोटी 1961 पासून जमैका आणि त्रिनिदाद यांच्या दरम्यानच्या बंदरांना जोडत असत. फेडरेशन 1962 मध्येच मोडले, बोटी मात्र त्यानंतरही काही वर्षे टिकल्या आणि सत्तरच्या दशकात बंद पडल्या. ज्यांच्या घरात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रत्नागिरीला गेल्याच्या आठवणी अजून निघतात, त्यांना अशा बोटी कशा बंद पडतात हे वेगळे सांगायला नको.

बोट कोठे मिळते

आजचा समुद्रप्रवास लहान लहान पुंजक्यांत चालतो. पुंजक्याच्या आत बोट उत्तम आणि बहुधा स्वस्त असते. एका पुंजक्यातून दुसऱ्यात जायचे झाले की विमानावाचून गत्यंतर नसते, हे एकदा मान्य केले म्हणजे पुढचे नियोजन सोपे होते.

खर्चाच्या दृष्टीने आमची पहिली पसंती सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडीन्स या देशाला आहे. राजधानी किंग्जटाउनच्या धक्क्यावरून बेक्विया बेटावर जाणारी फेरीबोट दिवसातून अनेक वेळा सुटते आणि साधारण एका तासात पोर्ट एलिझाबेथला पोहोचते. बोटीच्या पोटात मोटारी, सिमेंटच्या गोण्या आणि शीतपेयांचे क्रेट असतात आणि वरच्या डेकवर शाळेची मुले, बाजार करून परतणाऱ्या बायका आणि आपण. आरामगलबताच्या भाड्यातून जे पाहायला मिळते, त्यातले बरेचसे या तासाभरात दिसते. पुढे कनुआन, मेरो आणि युनियन या बेटांपर्यंतही बोटी जातात, परंतु त्या रोज नसतात.

त्रिनिदादमधील पोर्ट ऑफ स्पेन ते टोबॅगोतील स्कारबरो ही सरकारी बोट स्वस्ताईत कोणालाही हार जात नाही. तिचे एकेरी भाडे दीर्घकाळ 50 त्रिनिदादी डॉलर, म्हणजे सात-आठ अमेरिकी डॉलर, एवढेच राहिले आहे. पोर्तो रिकोमधील सेबा बंदरातून व्हिएकेस आणि कुलेब्रा या बेटांचे भाडे दोन-सव्वादोन अमेरिकी डॉलर असते. मात्र तेथे स्थानिक रहिवाशांना अग्रक्रम मिळतो आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटक धक्क्यावरच राहतो. सेंट किट्स ते नेव्हिस ही फेरी पाऊण तासाची, तर सेंट मार्टिनमधील मारिगो ते अँग्विला त्याहूनही कमी वेळाची आहे. ग्रेनाडातील सेंट जॉर्जेसहून करियाकू बेटावर जाणारी बोटही आम्ही नेहमी सुचवतो.

ग्वाडेलूप, डॉमिनिका, मार्टिनिक आणि सेंट लुसिया यांना जोडणारी जलद कॅटामरान (जोड-सांगाड्याच्या) बोटींची साखळी मात्र स्वस्त नाही. तिचे भाडे कधीकधी विमानाच्या जवळपास जाते. ती निवडायची ती डॉमिनिकाचे हिरवे डोंगर समुद्रातून वर येताना पाहण्यासाठी, पैसे वाचवण्यासाठी नव्हे. आमच्या माहितीप्रमाणे याच साखळीत आपल्या लोकांचे सर्वाधिक नुकसान होते, आणि हे पत्रक लिहिण्याचे खरे कारणही तेच आहे.

विमानाचे तिकीट आधी काढल्याने काय होते

ग्राहक संगणकासमोर बसतात, एका बेटावर उतरायचे आणि दुसऱ्या बेटावरून परतायचे असे स्वस्तातले, परतावा न मिळणारे तिकीट काढतात आणि मग आमच्याकडे येऊन "मधल्या बोटी तेवढ्या बुक करून द्या" असे सांगतात. आपण केलेली बचत अशा वेळी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत असते, आणि पहिल्याच भेटीत तिच्यावर पाणी ओतणे आम्हालाही जड जाते. परंतु विमानाची तारीख पक्की झाली, की बोटीने त्या तारखेत बसणे भाग पडते, आणि बोट कोणाच्याही तारखेत बसत नाही. ती आठवड्यातील ठरावीक वारी सुटते, तो वार हंगामाप्रमाणे बदलतो आणि वेळापत्रक बहुधा काही महिन्यांपुरतेच जाहीर होते.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी चौघांच्या एका कुटुंबाने जाताना बार्बाडोस आणि परतताना मार्टिनिकहून पॅरिसमार्गे, असे तिकीट स्वतः काढले होते. मध्ये डॉमिनिकात चार दिवस राहून बोटीने मार्टिनिकला जायचे ठरले होते. बोटीची तिकिटे आम्हीच काढून दिली. ठरल्या दिवशी भल्या सकाळी ही मंडळी डॉमिनिकाची राजधानी रोझो येथील धक्क्यावर सामानासह रांगेत उभी राहिली. काउंटरवरील बाईंनी चारही पासपोर्ट पान न् पान उलटून पाहिले, शेंगेन व्हिसाच्या (युरोपातील बहुतेक देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या) पानावर बोट ठेवून मान हलवली आणि पासपोर्ट एकावर एक रचून परत सरकवले. आमच्याकडे फोन आला तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेचार वाजले होते, म्हणजे तेथे सकाळचे सात. पलीकडून बोटीचा भोंगा ऐकू येत होता.

मार्टिनिक आणि ग्वाडेलूप ही बेटे फ्रान्सचाच भाग आहेत, तेथे युरो चालतो, परंतु ती शेंगेन क्षेत्रात मोडत नाहीत. युरोपसाठी काढलेला शेंगेन व्हिसा तेवढ्याने तेथे चालेल असे धरून चालता येत नाही. अर्ज करतानाच फ्रान्सच्या या सागरापारच्या प्रदेशांचा उल्लेख करावा लागतो आणि व्हिसावर तशी नोंद यावी लागते. काही प्रकारच्या व्हिसांना सवलत असते, पण ती कोणाला लागू आहे हे व्हिसाचा कागद समोर ठेवून ठरवायचे असते, ओळखीच्यांच्या अनुभवावरून नव्हे. डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट आणि त्रिनिदाद या देशांत भारतीय पासपोर्टवर अल्पकालीन पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, म्हणून "कॅरिबियनला व्हिसाच लागत नाही" असा समज पसरतो आणि साखळीतल्या नेमक्या मधल्या दुव्यावर माणूस अडकतो. त्या कुटुंबाला विमानाने पुन्हा बार्बाडोसला आणून तेथून नवीन तिकिटांवर परत आणावे लागले. गेलेल्या पैशात त्यांची आणखी एक सहल झाली असती.

यात आमचीही चूक होती. बोटीची तिकिटे काढताना आम्ही व्हिसाचे पान पाहायला मागितले नव्हते; "आमच्याकडे युरोपचा व्हिसा आहे" हे शब्द आम्ही पुरेसे मानले. त्या दिवसापासून प्रत्येक प्रवाशाच्या पासपोर्टच्या सर्व पानांची प्रत आल्याशिवाय आम्ही एकही बोट बुक करत नाही. काही ग्राहकांना हा आग्रह कारकुनी वाटतो, याची आम्हाला कल्पना आहे.

म्हणून आमचा क्रम असा आहे: प्रथम कोणत्या बंदरातून कोणत्या बंदरात जायचे ते ठरवावे, त्या प्रत्येक बंदरातील प्रवेशाचे नियम तपासावेत, मग बोटीचे वार मिळवावेत, आणि या सगळ्याच्या दोन टोकांना सर्वात शेवटी विमान जोडावे. विमान थोडे महाग पडते हे खरे आहे. तरीही एकाच बेटावर उतरून त्याच बेटावरून परतणारे तिकीट आणि त्याभोवती एकाच पुंजक्यातील दोन-तीन बेटे, ही आखणी आम्ही वर सांगितलेल्या "स्वस्त" तिकिटांपेक्षा हिशेबात नेहमीच सरस ठरलेली पाहिली आहे.

बोट आणि विमान एकाच दिवशी नको

सकाळच्या बोटीने येऊन दुपारचे विमान पकडण्याचा आग्रह कृपया धरू नये. गेटवेहून मांडव्याला जाणारी बोट पावसाळ्यात बंद असते हे आपल्याला आधीपासून ठाऊक असते. तेथे मात्र बोट रद्द होण्याचा निर्णय त्याच सकाळी समुद्र पाहून होतो. वादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा आहे आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हे त्यातले जोराचे महिने आहेत. 1 जुलै 2024 रोजी बेरिल हे चक्रीवादळ करियाकूवर आदळले आणि शेजारच्या युनियन बेटाचीही मोठी हानी झाली. दोनच दिवस आधी ब्रिजटाउनमध्ये विश्वचषक जिंकलेला आपला संघ त्याच वादळामुळे विमानतळ बंद झाल्याने बार्बाडोसमध्ये अडकून पडला होता. त्यांच्यासाठी खास विमान गेले, आपल्यासाठी जाणार नाही. म्हणून शेवटच्या बोटीनंतर किमान एक पूर्ण रात्र आम्ही मोकळी ठेवतो. हॉटेलचे भाडे वाढवण्यासाठी आम्ही ती रात्र घालतो, असा आरोप आमच्यावर झालेला आहे. त्या रात्रीसाठी स्वस्तातले पाहुणेघर आपण स्वतः निवडावे, आमची काहीच हरकत नाही. रात्र मात्र काढू नये.

डिसेंबर-जानेवारीत वादळ नसले तरी पूर्वेचे वारे जोरात असतात आणि दोन बेटांमधल्या खाड्यांत अटलांटिकच्या लाटा थेट शिरतात. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावर मध्यभागी किंवा मागे बसावे, निघण्यापूर्वी हलकेच खावे आणि डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही. आमच्या एका ज्येष्ठ ग्राहक बाई आवळासुपारीची डबी घेऊन गेल्या होत्या आणि अर्ध्या वाटेत ती डबी शेजारच्या तीन रांगांमधून फिरून रिकामी परत आली.

आणखी थोडे

करियाकूहून युनियन बेट डोळ्यांना दिसते, परंतु ते दुसऱ्या देशात आहे. लहान बोट ठरवून जाणे शक्य असते; मात्र निघताना ग्रेनाडाचा बहिर्गमनाचा शिक्का आणि पोहोचल्यावर सेंट व्हिन्सेंटचा प्रवेशाचा शिक्का घेतल्याशिवाय बोटवाल्याच्या भरवशावर कोणीही पलीकडे जाऊ नये. बेटावर उतरताना परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट मागितले जाते, त्यामुळे ते छापील स्वरूपात जवळ ठेवावे.

मुले अमेरिकेत असल्यामुळे अमेरिकेच्या ताब्यातील सेंट थॉमस बेटावर जाणारे ग्राहक बरेच आहेत. तेथून रेड हूक ते सेंट जॉन ही बोट वीस मिनिटांची आणि अमेरिकेच्याच हद्दीतील आहे. टोर्टोलाची बोट मात्र ब्रिटिश हद्दीत जाते, म्हणजे आपण अमेरिकेबाहेर पडता. नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या मुला-सुनेच्या पासपोर्टवरील शिक्क्याची मुदत संपलेली असेल, तर परत येणे अवघड होईल. घरच्यांनी हे निघण्यापूर्वी पाहावे.

त्रिनिदादला जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण तेथून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा, डॉमिनिका अशा बेटांवर चालणाऱ्या पूर्व कॅरिबियन डॉलरचा भाव 1976 पासून एका अमेरिकी डॉलरला 2.70 असा बांधलेला आहे. त्यामुळे कमी किमतीच्या अमेरिकी नोटा जवळ असल्या की धक्क्यावर फसगत होत नाही. बंदराचा कर कित्येक ठिकाणी खिडकीवर रोख द्यावा लागतो.

आमच्या शुल्काविषयी

मार्ग आखण्याचे शुल्क आम्ही आगाऊ घेतो आणि सहल रद्द झाली तरी ते परत करत नाही. बोटीच्या तिकिटावर आम्हाला जवळजवळ काहीच कमिशन मिळत नाही आणि आखणीचे काम मात्र तिकीट काढण्यापूर्वीच पूर्ण झालेले असते. आखणी हाती आल्यावर तिकिटे आपण स्वतः काढलीत तरी चालेल. ज्यांनी विमानाचे तिकीट आधीच काढले आहे, त्यांचेही काम आम्ही घेतो, फक्त तिकीट बदलता येते की नाही हे प्रथम पाहून.

भेटीला येताना सर्व प्रवाशांचे मूळ पासपोर्ट, जुन्या व्हिसांसह, आणावेत. शनिवारी गर्दी असते. शक्यतो मंगळवार किंवा बुधवारची वेळ घ्यावी, म्हणजे नकाशा टेबलावर पसरून निवांत बसता येते.