सक्तीची निवृत्ती कोर्टात कशी कशी लढली गेली, थोडं मागचं

५०/५५ चं रिव्ह्यू, म्हणजे त्या वयाला सरकारी कर्मचाऱ्याला पुढे ठेवायचं की नाही याची तपासणी, आलं की ऑफिसात लोक धास्तावतात आणि मग एकच प्रश्न, असं घरी पाठवलं तर कोर्टात काही होतं का? होतं, पण कमी वेळा, आणि ते का हे कळायला १९५४ पर्यंत मागे जावं लागतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. सक्तीची निवृत्ती दोन प्रकारची असते. एक डीई (खातेनिहाय चौकशी) होऊन शिक्षा म्हणून मिळते, ती वेगळी. दुसरी म्हणजे ठरावीक वय किंवा सेवा झाली की सरकार "लोकहितासाठी" तीन महिन्यांची नोटीस नाहीतर तेवढा पगार देऊन घरी पाठवतं ती, केंद्रात एफआर (फंडामेंटल रूल्स) ५६(जे) खाली आणि आपल्याकडे महाराष्ट्रात १९८२ च्या पेन्शन नियमांतल्या १०(४) आणि ६५ खाली. भांडण सगळं या दुसरीचं.

घटनेच्या कलम ३११ प्रमाणे चौकशीशिवाय बडतर्फ करता येत नाही, मग चौकशीशिवाय रिटायर कसं करता? हाच मुद्दा श्यामलाल केसमध्ये होता आणि १९५४ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की ही शिक्षाच नाही, पेन्शन मिळतं, कमावलेलं काही जात नाही, म्हणून ३११ लागू नाही. १९५७ ला मुंबई राज्य विरुद्ध दोशी मध्येही तेच, तिथे मुंबईच्या सेवा नियमांतला १६५-अ होता. पण १९६४ ला गुरदेवसिंग सिद्धू केसमध्ये नियम अवघ्या १० वर्षांच्या सेवेनंतरच काढायची मुभा देत होता, तो कोर्टाने उडवला. म्हणजे सरकारला हक्क आहे पण ऐन उमेदीत कुणालाही उचलून घरी बसवता येणार नाही. माझ्या मते कर्मचाऱ्यांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे आणि त्याची आठवण फारच कमी काढली जाते.

१९७० ला कर्नल जे. एन. सिन्हा केस आली, सर्व्हे ऑफ इंडियातले अधिकारी, हायकोर्टात जिंकलेले. सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला, म्हणालं ५६(जे) मध्ये म्हणणं ऐकून घ्यायची गरजच नाही. आजही सरकारी वकील पहिलं हेच ठेवतात.

मग लढाई सरकली सीआरवर, म्हणजे कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालांवर. ऐकून घेणार नसाल तर निदान कुठल्या कागदावरून ठरवलं ते तरी बघू, असं. १९८० ला बलदेव राज चढ्ढा केसमध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी सांगितलं की जुने शेरे उकरून अलीकडची चांगली वर्षं विसरता येणार नाहीत. १९८७ ला ब्रिजमोहन सिंग चोप्रा मध्ये तर न कळवलेला अ‍ॅडव्हर्स (प्रतिकूल) शेरा वापरताच येत नाही असं ठरलं. हे पाच वर्षंच टिकलं. १९९२ ला बैकुंठनाथ दास केसमध्ये, ओडिशातला फार्मासिस्ट होता तो, तीन न्यायमूर्तींनी ते रद्द केलं. शेरा कळवला नाही एवढ्यावरच ऑर्डर रद्द होत नाही, पूर्ण रेकॉर्ड बघा, शेवटच्या वर्षांना जास्त वजन द्या, आणि शेऱ्यानंतर मेरिटवर प्रमोशन मिळालं असेल तर त्या शेऱ्याची धार जाते. ऑर्डर मनमानी, आकसाची किंवा बिनपुराव्याची असेल तरच कोर्ट हात घालणार. मला न कळवलेल्या शेऱ्याचा मुद्दा पटत नाही, जो शेरा माणसाला माहीतच नाही तो त्याने सुधारायचा कसा? २००८ ला देवदत्त केसमध्ये सीआरमधली प्रत्येक नोंद कळवा असं आलं, पण ती केस प्रमोशनची.

२००१ ला गुजरात विरुद्ध उमेदभाई पटेल मध्ये अजून एक दार उघडलं, डीईची कटकट नको म्हणून शॉर्टकट मारून रिटायर करता येणार नाही. २०१९ ला केंद्राने इन्कम टॅक्स आणि कस्टम्सचे बरेच अधिकारी ५६(जे) खाली काढले तेव्हा हाच मुद्दा कामी आला. त्यातले प्रमोद कुमार बजाज २०२३ ला सुप्रीम कोर्टात जिंकले, रिटायर व्हायला काही महिनेच उरलेले असताना त्यांना काढलं होतं आणि कोर्टाने ती ऑर्डर प्रत्यक्षात शिक्षाच आहे म्हणून रद्द केली. आपल्याकडच्या राज्य कर्मचाऱ्याला आधी मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जावं लागतं, हायकोर्ट त्यानंतर, आणि तिथे सगळ्यात आधी मागायची ती रिव्ह्यू कमिटीची नोट आणि सीआरच्या कॉप्या.