मुंबई–लंडन: अंतर तेच, वेळ वाटेच्या हाती

मुंबई ते लंडन अंतर पृथ्वीच्या गोलावरून सरळ मोजलं, तर सुमारे ७,२०० किलोमीटर भरतं. हा आकडा बदलत नाही. प्रवासाला लागणारा वेळ मात्र गेली दोनशे वर्षं सतत बदलत आला आहे. त्यात यंत्राच्या वेगाइतकाच वाटा वाटेत काय आडवं येतं, कुठे थांबावं लागतं, याचाही आहे.

शिडाच्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागे, म्हणजे जवळजवळ २०,००० किलोमीटर आणि कित्येक महिने. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये कोळशासाठी एडनसारख्या बंदरांत थांबत महिन्याभरात सुएझला पोहोचली. तिथून पुढे वाळवंट ओलांडून भूमध्य समुद्र गाठायचा. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि सागरी अंतर साधारण ११,६०० किलोमीटरवर आलं.

हवाई मार्गाचा इतिहास पत्रांपासून सुरू होतो, आणि मला त्यातला हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. १९२९ पासून इम्पीरियल एअरवेजची टपाल सेवा लंडनहून कराचीपर्यंत येत होती. तिथून मुंबईपर्यंतचा दुवा जोडला जेआरडी टाटांनी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून पुस मॉथ हे छोटं विमान घेऊन ते अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादला विमानात भरायचं पेट्रोल बैलगाडीतून आलं होतं!

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं आणि १० जूनला पोहोचलं. हे मधले थांबे हौसेचे नव्हते. तेवढा पल्ला एका दमात गाठेल एवढं इंधन त्या विमानात मावत नसे. या थांब्यांची किंमतही मोजावी लागली. हेच विमान नोव्हेंबर १९५० मध्ये जिनिव्हाच्या वाटेवर माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. २४ जानेवारी १९६६ ला ‘कांचनगंगा’ हे बोइंग ७०७ त्याच पर्वतावर, जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना कोसळलं. त्यात होमी भाभा गेले. दोन्ही विमानं मुंबईहून निघाली होती आणि लंडनला चालली होती.

१९६० मध्ये एअर इंडियाकडे जेट आलं तसे दिवसांचे तास झाले. पुढे लांब पल्ल्याच्या विमानांमुळे थांबेही सुटले. आता थेट विमानाला जाताना साधारण साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना त्याहून कमी, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. (तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करू नये. लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार.)

आता आडवी येते ती आकाशातली सरहद्द. सर्वांत जवळची वाट पाकिस्तानवरून वायव्येला जाते. बालाकोटनंतर, फेब्रुवारी ते जुलै २०१९, ती बंद होती. २०२२ पासून युक्रेनचं आकाशही मिटलं. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने पुन्हा बंदी घातली, पण ती फक्त भारतीय विमानांना. त्यामुळे मुंबईच्या एकाच धावपट्टीवरून लंडनला निघालेल्या दोन विमानांपैकी ब्रिटिश कंपनीच्या विमानाला पाकिस्तानवरून जायची मुभा राहिली, तर भारतीय कंपनीच्या विमानाला अरबी समुद्रावरून वळसा घालणं भाग पडलं.