एसीपी की काच? एलिव्हेशनच्या निवडीमागची पार्श्वभूमी

इमारतीच्या दर्शनी बाजूला, म्हणजे एलिव्हेशनला, एसीपी (अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनलची शीट) लावायची की काच? एसीपी स्वस्त आणि काच देखणी, एवढ्यावरच हा प्रश्न आपल्याकडे वर्षानुवर्षं निकालात काढला जातो. बजेट कमी असेल तर शीट, भाडेकरू मोठी कंपनी असेल तर काच. आगीचा मुद्दा या चर्चेत फार उशिरा आला. आला तोही 'एफआर' (फायर रिटार्डंट, म्हणजे आग मंदावणारी) या दोन अक्षरांच्या रूपात, आणि त्यांचा अर्थ विकणारा आणि घेणारा आपापल्या सोयीने लावत आले आहेत.

काचेची वंशावळ लांबची आहे. लंडनमधला १८५१ सालचा क्रिस्टल पॅलेस, न्यूयॉर्कमध्ये १९५० च्या दशकात उभे राहिलेले काचेचे ऑफिस टॉवर, आणि १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये जाहीर झालेली फ्लोट पद्धत. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करण्याच्या या पद्धतीमुळे मोठ्या मापाची, न लहरणारी काच परवडू लागली. एसीपी त्या मानाने धाकटं. अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा भरलेली ही शीट १९६९ मध्ये जर्मनीतल्या झिंगेन गावातून बाजारात आली. पेटंटची मुदत संपल्यावर १९९० च्या दशकात चीनमध्ये तिचे कारखाने झपाट्याने वाढले आणि आपली गोष्ट खऱ्या अर्थाने तिथूनच सुरू होते.

त्याआधीच्या मुंबईत, अगदी नरिमन पॉइंटच्या उंच इमारतींतही, काँक्रीट दिसायचं, छज्जे असायचे, खिडक्या उघडायच्या. मग तळोजा, १९९३ मध्ये अंकलेश्वर, २००० मध्ये श्रीपेरंबुदूर असे फ्लोट काचेचे कारखाने देशात सुरू झाले. त्याच सुमारास वांद्रे-कुर्ला संकुल आणि हिंजवडी भरत होतं. निळ्या-हिरव्या परावर्तक काचेचं स्ट्रक्चरल ग्लेझिंग (सिलिकॉनने चिकटवलेली सलग काचेची भिंत) म्हणजेच आधुनिक ऑफिस, असं समीकरण तेव्हा बसलं ते बसलंच. पश्चिमेच्या उन्हाचं काय, हा प्रश्न एसीच्या टनांवर ढकलला गेला. इमारतींसाठीच्या २००७ च्या ऊर्जा संहितेने बाहेरच्या भिंतीत काचेचं प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत चालवून घेतलं होतं, २०१७ च्या सुधारणेत ते ४० टक्क्यांवर आलं. काच कमी झाली की उरलेल्या भिंतीवर काहीतरी लावावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा एसीपीच असतं. आजच्या बहुतांश व्यापारी इमारतींवर म्हणूनच दोन्ही दिसतात: खिडक्यांच्या पट्ट्यात काच, कॉलम-बीम आणि लिफ्टच्या भिंतीवर शीट.

एसीपी आपल्याकडे आधी दुकानांच्या पाट्या, पेट्रोल पंप आणि शोरूमवर दिसू लागलं, इमारतीवर चढलं ते नंतर. ते इतक्या वेगाने का पसरलं याचं उत्तर वजनात आहे. ४ मिलिमीटर जाडीच्या साध्या शीटचं वजन चौरस मीटरला साडेपाच किलोच्या आसपास. ६ मिलिमीटर काचेचं १५ किलो, आणि दुहेरी काच लावली तर ३० किलो. काचेला क्रेन, सक्शन कप, नेमकं माप आणि कसलेले कारागीर लागतात. एक तुकडा फुटला तर कारखान्यातून नवा येईपर्यंत काम थांबतं, कारण टफन केलेली (तापवून मजबूत केलेली) काच साइटवर कापता येत नाही. आठ बाय चारची एसीपी शीट मात्र दोन माणसं सहज उचलतात. मागून राऊटर मारून खाच पाडायची, घडी घालून ट्रे करायचा, बॉक्स सेक्शनच्या (चौकोनी नळ्यांच्या) सांगाड्यावर रिव्हेट मारायचे, सांध्यात बॅकर रॉड (फोमची दोरी) घालून सिलिकॉन भरायचं. हे काम जिल्ह्याच्या गावचा फॅब्रिकेटरही उत्तम करतो. त्यामुळे कोल्हापूर, नाशिक, नांदेडकडच्या जुन्या इमारतींना नवा चेहरा मिळाला आणि शेकडो छोट्या वर्कशॉपना पोटापाण्याचं साधन. हे श्रेय एसीपीला द्यायलाच हवं.

आगीचा पहिला मोठा दणका मात्र आपल्याकडे काचेच्या इमारतींनी दिला. फेब्रुवारी २०१० मध्ये बेंगळुरूच्या कार्लटन टॉवर्समध्ये नऊ जण गेले. ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे कोलकात्याच्या ढाकुरियातल्या रुग्णालयात तळघरात आग लागली आणि वरच्या मजल्यांवरचे नव्वदच्या आसपास लोक मुख्यतः धुराने गुदमरून गेले. एसीसाठी बंद केलेली काचेची भिंत धूर बाहेर सोडत नव्हती, आणि अग्निशमन जवानांना ती फोडून आत शिरावं लागलं. जुलै २०१४ मध्ये अंधेरीतल्या काचेच्या उंच इमारतीला लागलेल्या आगीत अग्निशमन दलाचा एक जवान गेला. काच स्वतः जळत नाही, पण म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. ती धूर कोंडते. शिवाय स्लॅबची कड आणि काचेची भिंत यांच्यात काही इंचांची फट राहते. ती नीट बंद केलेली नसेल तर आग तिथून वरच्या मजल्यावर चढते. लॉस एंजेलिसमध्ये १९८८ साली एका ६२ मजली इमारतीत बाराव्या मजल्यावरची आग अशाच वाटांनी आणि फुटलेल्या खिडक्यांतून सोळाव्यापर्यंत गेली होती.

२०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत काचेच्या दर्शनी भिंतीसाठी स्वतंत्र कलम आलं ते या पार्श्वभूमीवर. स्लॅब आणि काच यांच्यातली फट स्लॅबइतक्याच अग्निरोधक क्षमतेच्या सामग्रीने बंद करायची. प्रत्येक मजल्यावर बाहेरच्या बाजूला उघडणारी, किमान एक मीटर बाय एक मीटरची पॅनल ठेवायची, आणि दोन पॅनलमधलं अंतर दहा मीटरपेक्षा जास्त नको. त्यांच्यावर आतून ठळक सूचनाही हवी. कलम चांगलं आहे. पण फर्निचर लागल्यावर एखाद्या ऑफिसात जाऊन ही पॅनल शोधून पाहा. फाइलींचं कपाट सरकवल्याशिवाय किंवा जाहिरातीचा फलक काढल्याशिवाय हाताला लागत नाहीत, अशी ती अनेक ठिकाणी सापडतील.

तिकडे एसीपीच्या आगी परदेशात लागत होत्या. २०१२ मध्ये फ्रान्समधलं रुबे आणि दुबई. नोव्हेंबर २०१४ मध्ये मेलबर्न, जिथे बाल्कनीतल्या सिगारेटच्या थोटकापासून पेटलेली ज्वाळा काही मिनिटांत गच्चीपर्यंत पोचली. ३१ डिसेंबर २०१५ च्या रात्री पुन्हा दुबई. मग १४ जून २०१७ ला लंडनचा ग्रेनफेल टॉवर: २४ मजले, ७२ मृत्यू. चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातली आग बाहेरच्या आवरणात शिरली आणि अर्ध्या तासाच्या आत माथ्यावर पोचली. नूतनीकरणाच्या मूळ आराखड्यात जस्ताचे पत्रे होते. खर्च वाचवण्यासाठी त्यांच्या जागी पॉलिथिलीन गाभ्याची शीट आली आणि बचत झाली तीन लाख पाउंडांच्या आसपास.

पॉलिथिलीन म्हणजे ज्याच्या पिशव्या होतात तेच प्लास्टिक. जळताना किलोमागे त्याची उष्णता पेट्रोल-डिझेलच्या तोडीची. ४ मिलिमीटर शीटमध्ये वरखाली अर्धा-अर्धा मिलिमीटर पत्रा, मधला ३ मिलिमीटर गाभा. म्हणजे आठ बाय चारच्या एका शीटमध्ये आठ किलो प्लास्टिक. शंभर शीट लावलेल्या मध्यम आकाराच्या दर्शनी बाजूवर आपण आठशे किलो इंधन टांगतो. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण हा गाभा शंभरच्या थोडं पुढे गेला की मऊ पडतो, मग पेटत ठिबकतो आणि खालच्या मजल्यांनाही आग लावतो. शीट आणि भिंत यांच्यातली दोन-तीन इंचांची मोकळी जागा धुराड्याचं काम करते.

२०१७ नंतर आपल्या बाजारात जो तो 'एफआर' मागू लागला आणि जो तो 'एफआर' देऊ लागला. गोंधळ इथेच आहे, आणि मला तो धोकादायक वाटतो.

एफआर ही प्रमाणित श्रेणी नाही, व्यापारातली ओळख आहे. चांगल्या एफआर शीटच्या गाभ्यात साधारण ७० टक्के खनिज भुकटी आणि ३० टक्के प्लास्टिक असतं. युरोपीय वर्गवारीतल्या ए२ (जवळजवळ न जळणाऱ्या) शीटमध्ये खनिज ९० टक्क्यांच्या पुढे जातं. ग्रेनफेलनंतर ब्रिटनमध्ये नमुने तपासताना गाभा जळताना किती उष्णता देतो त्यावरून तीन गट पाडले गेले: किलोला ३ मेगाज्यूलपर्यंत (मेगाज्यूल हे उष्णतेचं एकक), ३ ते ३५, आणि ३५ च्या वर. पहिला ए२ च्या जवळचा, तिसरा निव्वळ पॉलिथिलीनचा. मधल्या सगळ्या पसाऱ्याला एफआर म्हटलं जातं. ५ मेगाज्यूलची शीटही त्यात आणि ३४ चीही त्यातच. दोन्हींच्या संरक्षक फिल्मवर छापलेली अक्षरं मात्र सारखीच.

कॅटलॉगमधली प्रमाणपत्रं हा दुसरा पेच. जर्मन बी१, ब्रिटिश क्लास ०, अमेरिकी बोगदा चाचणी ही नावं आपल्याकडच्या माहितीपत्रकांत शेजारी शेजारी छापलेली असतात. यांतल्या बऱ्याच चाचण्या पृष्ठभागावर ज्वाळा किती वेगाने पसरते एवढंच बघतात. ज्वाळेसमोर असतो तो अॅल्युमिनियमचा पत्रा, आणि तो अर्थातच जळत नाही. खऱ्या आगीत ज्वाळा शिरते ती कापलेल्या कडेतून, घडीतून, सुटलेल्या सांध्यातून. ग्रेनफेलवर लागलेल्या शीटच्या बाबतीत उत्पादकाच्याच चाचण्यांत असं दिसलं होतं की सपाट ठेवून रिव्हेट मारलेल्या शीटपेक्षा घडी घालून कॅसेट, म्हणजे ट्रे, केलेली तीच शीट कितीतरी वाईट जळते. ही माहिती वर्षानुवर्षं दडवली गेली, असं २०२४ च्या चौकशी अहवालात स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याकडे जवळजवळ सगळं काम ट्रे करूनच होतं, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिचीच चर्चा सगळ्यांत कमी होते. २०१७ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये पूर्ण भिंत उभारून सात चाचण्या घेतल्या गेल्या. पॉलिथिलीन गाभ्याची शीट दोन्ही वेळा नापास झाली, मागे न जळणारी दगडी लोकर (दगडाच्या तंतूंचा उष्णतारोधक थर) असतानासुद्धा. ए२ पास झाली. एफआर मात्र दगडी लोकरीसोबत पास आणि दोन वेगवेगळ्या फोमच्या थरांसोबत नापास. म्हणजे एफआर शीट सुरक्षित आहे का, याचं उत्तर एकट्या शीटकडे नसतं. तिच्यामागे काय आहे त्यावर ते ठरतं.

आपल्याकडे मागे बहुधा प्लास्टर केलेली वीट किंवा ब्लॉकची भिंत असते, फोम नसतो. ही जमेची बाजू. पण त्याच पोकळीतून पाटीच्या एलईडीच्या वायरी आणि एसीच्या केबल जातात, जुन्या खिडक्यांच्या लाकडी चौकटी तशाच झाकल्या जातात, आणि पोकळी आडवी तोडणारा अडथळा मजल्यागणिक क्वचितच घातला जातो. शीटचा दर ठरवताना तासभर घासाघीस होते. या अडथळ्याची ओळ मात्र अनेक कोटेशनमध्ये नसतेच.

इंग्लंडने डिसेंबर २०१८ पासून १८ मीटरवरच्या नव्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतीत जळणारी सामग्री वापरायला बंदी घातली. तिथे एफआरचा वाद त्या उंचीपुरता मिटला, ए२ किंवा त्याहून चांगलं एवढंच उरलं. आपल्याकडेही उंच इमारती, रुग्णालयं आणि शाळा-क्लासेसच्या इमारतींसाठी एवढी सरळ रेघ आखायला हरकत नसावी. ए२ महाग पडते हे खरं, पण तरीही कित्येकदा ती चांगल्या ग्लेझिंगपेक्षा स्वस्तात बसते.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा डिसेंबर २००८ पासून लागू आहे. त्याखाली जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं फॉर्म बी प्रमाणपत्र इमारतीत बसवलेल्या यंत्रणा चालू असल्याचं सांगतं: पंप, हायड्रंट, स्प्रिंकलर, अलार्म. बाहेरच्या शीटचा गाभा कशाचा आहे, हे त्यातून कळत नाही. साधारण २००० ते २०१७ या काळात शीट लावलेल्या इमारतींत तर बिलावर फक्त 'एसीपी ४ एमएम' एवढंच सापडतं. अशा सोसायटीने किंवा मालकाने गच्चीच्या कठड्यामागचा, रस्त्यावरून न दिसणारा तळहाताएवढा तुकडा कापून घ्यावा. गाभ्याच्या रंगावर जाऊ नये, कारण पॉलिथिलीन काळं, पांढरं, करडं कसंही असतं. मोकळ्या जागी कडेला ज्वाळा धरली आणि गाभा मेणासारखा वास देत पेटते थेंब टाकू लागला, तर संशय पक्का समजून नमुना प्रयोगशाळेत पाठवावा आणि त्याची उष्णता किलोला किती मेगाज्यूल येते, हे लेखी मागावं. आकडा ३५ च्या वर आला तर शीट उतरवण्याचा खर्च काढायला बसावं, आणि ती उतरेपर्यंत पाटीच्या वायरी व एसीच्या केबल पोकळीतून बाहेर काढून घ्याव्यात.