काकडा पहाटेच दूर का ऐकू येतो?

कोजागिरी झाली की वर्धा नदीकाठच्या आमच्या गावात पहाटे साडेचारला काकडा सुरू होतो. पेटीवाल्यानं सवयीनं काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) सा म्हणून धरली की एखादा म्हातारा टाळकरी ओरडतोच, "पट्टी उतरव ना बे! गळा अजून झोपूनच हाये."

म्हाताऱ्याचं बरोबर असतं. रात्रभर आडवं पडून, न बोलता राहिल्यानं स्वरतंतूंना किंचित सूज असते. जाड तंतू सावकाश थरथरतात, म्हणून पहाटेचा आवाज खर्जात लागतो. पेटीवाला मुकाट्यानं लगतच्या खालच्या पट्टीवर, पांढरी एकवर येतो. सेकंदाला 139 कंपनांचा सा आता 131चा होतो, आणि वरचा सा गाठताना गळ्याच्या शिरा ताणाव्या लागत नाहीत.

पहिला अभंग भैरवातला. या रागात रिषभ (रे) आणि धैवत (ध) कोमल, म्हणजे थोडे उतरलेले. पेटीवर सा धरलेलाच असतो. गाणारा कोमल रिषभावर आला की त्याची कंपनं 139च्या आसपास जातात (म्हणजे मघाशी सोडलेली काळी एकच!). इतके जवळचे दोन सूर एकदम वाजले की आवाज सेकंदाला सुमारे 8 वेळा लहानमोठा होतो. हेलकावे म्हणा हवं तर. त्यात भैरवाचा रिषभ आंदोलित, म्हणजे झुलवत म्हणायचा, सहजासहजी सुटत नाही. मग सूर सा-वर उतरतो, हेलकावे थांबतात आणि जिवाला बरं वाटतं.

अर्थात, काकड्याचं सगळं गांभीर्य सुरातच असतं हे मला पटत नाही. लहानपणापासून हे सूर आम्ही अंधारात, कापराच्या वासात ऐकले. त्याचाही वाटा मोठाच.

लय मात्र थेट शरीराला धरते. सुरुवातीचा अभंग इतका संथ, की एक ओळ म्हणायला साताठ सेकंद लागतात, मग श्वास. मी मोबाइल लावून मोजलं: मिनिटाला सहा-सात श्वास. एरवी बसल्या जागी आपण बारा ते सोळा घेतो. इटलीतल्या संशोधकांनी 23 निरोगी माणसांना लॅटिनमधली मेरीची जपमाळ आणि 'ॐ मणिपद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावला होता. 2001 साली त्यांनी निष्कर्ष छापले: दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला. रक्तदाबातही साधारण दर दहा सेकंदांनी एक सावकाश चढउतार चालू असतो. श्वास त्याच ठेक्यात आला की हृदयाची गती आणि रक्तदाब एका तालात वरखाली होऊ लागतात. शेवटी टाळ दुगुणीत गेले की अर्थातच सगळ्यांना धाप लागते, पण तोवर थंडीही पळालेली असते.

आता वावरातली गोष्ट. जागलीला, म्हणजे पिकाच्या राखणीला गेलेल्या माणसाला दोन गावांचे काकडे धुऱ्यावर (बांधावर) बसून ऐकू येतात. शांतता हे एक कारण. दुसरं हवेचं. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा थंड होते आणि वरची त्या मानानं उबदार राहते. तापमान 1 अंशानं वाढलं की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरनं वाढतो. वरच्या हवेतला आवाज पुढे धावतो, त्यामुळे त्याची लाट वाकून पुन्हा जमिनीकडे येते. सूर्य कासराभर वर आला, जमीन तापली, की हे उलटं होतं आणि आवाज वाकून आभाळाकडे जातो. मग तोच भोंगा, तोच अभंग. धुऱ्यावर मात्र नुसती टाळांची किणकिण.