फोम-चिलखत

फोम-चिलखत : चित्रकथा, चित्रपट किंवा व्हिडिओ गेममधील महानायकाचे धातूचे भासणारे चिलखत ईव्हीए फोम व प्लॅस्टिकच्या पत्र्यांपासून घरी तयार करण्याची हस्तकला. आवडत्या पात्राचा वेश घेऊन वावरण्याच्या छंदाला कॉस्प्ले म्हणतात आणि फोम-चिलखत हे त्यातले सर्वांत चिकाटीचे काम होय. कागदावरच्या नायकाला खांदा वळवावा लागत नाही, जिना चढावा लागत नाही. घरी केलेल्या चिलखतात मात्र जिवंत माणूस असतो. या कलेतल्या बहुतेक अडचणी, आणि तिची सारी गोडीही, या एका फरकातून येतात.

न्यूयॉर्कमध्ये १९३९ साली पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. तेथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन व मर्टल डग्लस भविष्यकाळातले पोशाख घालून आले होते. ते पोशाख डग्लस यांनीच शिवले होते. कडक चिलखतांचे आकर्षण १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील पांढऱ्या चिलखतधारी सैनिकांमुळे वाढले. प्लॅस्टिकचा पत्रा तापवून साच्यावर टाकायचा आणि खालची हवा ओढून घ्यायची, म्हणजे तो साच्याचा आकार घेतो. त्या सैनिकांची चिलखते या निर्वात पद्धतीने घडवली होती. ‘आयर्न मॅन’ हे पात्र १९६३ पासून चित्रकथांत होते. २००८ च्या चित्रपटानंतर त्याचे लाल-सोनेरी चिलखत घरगुती कारागिरांचे आवडते आव्हान ठरले. पेपाकुरा या जपानी संगणकप्रणालीने त्रिमित आकृती सपाट कागदी तुकड्यांत उलगडता येते. सुरुवातीला अनेकांनी असे कागदी सांगाडे रेझिन (वाळल्यावर कडक होणारे चिकट द्रव्य) व काचतंतूंनी कडक करून चिलखते केली. ती भक्कम होत, पण जड आणि घासायला फार कष्टाची. फोम त्या मानाने हलका, स्वस्त आणि अंगाला न बोचणारा असतो.

ईव्हीए म्हणजे इथिलीन-व्हिनाइल अ‍ॅसिटेट. चपलांचे तळ आणि लहान मुलांच्या जोडायच्या चटया याच फोमच्या असतात. छाती, पाठ, खांदे यांसाठी साधारण ८ ते १० मिमी जाडीचा, तर वरच्या नक्षीसाठी २ ते ३ मिमीचा फोम वापरतात. हीट गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने, तापवला की तो मऊ पडतो, गुडघ्यावर किंवा भांड्यावर दाबून धरला की बाक घेतो आणि थंड झाल्यावर तो बाक टिकवतो. तापवल्याने पृष्ठभागावरची छिद्रेही मिटतात, त्यामुळे रंग आत शोषला जात नाही. मखरामुळे थर्माकोल कापायचा हात महाराष्ट्रात अनेकांना असतो, पण इथे थर्माकोल निरुपयोगी ठरतो. उष्णतेने तो आक्रसतो आणि रबरी डिंकातला द्रावक त्याला विरघळवतो.

चिलखत खरे तर बेतातच, म्हणजे तुकडे कापण्याच्या आराखड्यातच, घडते. घालणाऱ्याच्या धडाभोवती जुन्या कपड्यावरून स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक-फिल्म गुंडाळतात, तिच्यावर मास्किंग टेप लावतात, सांध्यांच्या रेघा आखतात आणि मग ते आवरण कापून सपाट करतात. सपाट न होणाऱ्या जागी शिंप्यासारखे चिमटे द्यावे लागतात. जोडायच्या कडांवर आधीच खुणा केल्या नाहीत, तर डावा-उजवा भाग जुळत नाही. घाईने कापलेल्या बेताची चूक पुढे कितीही सुबक रंग दिला तरी लपत नाही.

पाते सतत धारदार हवे; बोथट पाते फोम कापत नाही, फाडते. कडा तिरप्या कापल्या की दोन तुकडे कोनात बसतात. चिकटवण्यासाठी चपला-बुटांना वापरतात तो रबरी डिंक दोन्ही कडांना लावून, बोटाला ओला लागेनासा होईपर्यंत वाळू देतात आणि मगच दाबतात. एकदा चिकटलेली कड पुन्हा सरकवता येत नाही. या डिंकाची वाफ घातक असते. ज्वालाग्राही डिंक आणि हीट गन एकाच वेळी वापरू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि घासताना धुळीसाठी मास्क लावावा. मुलांनी हे काम मोठ्या माणसाशिवाय करू नये.

पाट्या करणाऱ्यांकडचा सनबोर्ड किंवा एबीएस या कडक प्लॅस्टिकचा पत्रा कडक, सरळ भागांना बरा. मुखवट्याचे भाग हल्ली त्रिमित छपाईनेही (थ्रीडी प्रिंटिंग) करतात, पण तिच्यात वापरतात ते पीएलए प्लॅस्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. उन्हात बंद गाडीत ठेवलेला मुखवटा वाकडा होतो. रंगाआधी फोमवर लवचीक रबरी लेप देतात, नाहीतर कोपर वाकताच रंग तडकतो. काळा रंग खाचांत भरून वरून पुसला आणि कडांवर चंदेरी रंगाचा कोरडा कुंचला फिरवला, की फोम झिजलेल्या धातूसारखा दिसतो.

तुकडे एकमेकांना इलॅस्टिक, वेल्क्रो आणि दप्तरांच्या क्लिपांनी जोडतात. काख, कोपर आणि गुडघ्यामागची जागा मोकळी सोडावीच लागते. फोममधून हवा जात नाही, म्हणून अनेक जण शिरस्त्राणात संगणकाचा छोटा पंखा बसवतात. मुंबईच्या कॉमिक कॉन या चित्रकथाप्रेमींच्या मेळाव्यासारख्या गर्दीच्या ठिकाणी तर सोबतीही लागतो : पाठीमागच्या क्लिपा लावायला, पाणी पाजायला आणि डोळ्यांच्या फटींतून न दिसणारी पायरी वेळेवर सांगायला.